जुन्या पीएलसी पॅनलमधला अधूनमधून येणारा फॉल्ट

अधूनमधून येणारा फॉल्ट म्हणजे असा बिघाड जो मशीन ट्रिप करतो, म्हणजे आपोआप बंद पाडतो, आणि मेंटेनन्सवाला मल्टिमीटर घेऊन पॅनलपाशी पोचेपर्यंत गायब झालेला असतो. रिसेट मारला की मशीन चालू, सगळी रीडिंग बरोबर, लॉगबुकात "चेक केले, ओके", आणि दोन दिवसांनी रात्रपाळीला परत तेच. साखर कारखाने, फाउंड्री, कागद गिरण्या, पाण्याची पंपहाउस अशा ठिकाणी १९८०-९० च्या काळातले पॅनल अजून चालू आहेत आणि तिथे हा प्रकार नेहमीचा. पूर्ण मेलेला पार्ट तासाभरात सापडतो, अर्धमेला पार्ट महिनोन्महिने छळतो.

पीएलसी म्हणजे प्रोग्रामप्रमाणे मशीन चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक. पहिला पीएलसी, मॉडिकॉन ०८४, १९६९ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या मागणीतून आला, रिलेंनी (विजेने चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली कपाटं काढायला. सीमेन्सचा सिमॅटिक एस५ १९७९ चा, ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ १९८६ चा. दोन्हींचं उत्पादन बंद झालंय, त्यामुळे स्पेअर म्हणजे बहुतेक वेळा सेकंडहँड कार्ड. सुटे आयसी, कपॅसिटर वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण सेकंडहँड कार्ड मशीनमधल्या कार्डाच्याच वयाचं असतं हे विसरून चालत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक कार्ड बदलण्यात होते. फॉल्ट आला, इनपुट कार्ड (सेन्सर-स्विचचे सिग्नल घेणारं) काढलं, दुसरं बसवलं, फॉल्ट गेला, म्हणजे जुनं कार्ड खराब असं सगळे धरून चालतात. खरं तर कनेक्टरच्या पिना सतत बारीक थरथरून घासल्या जातात, वरचा कथिलाचा मुलामा झिजतो आणि ऑक्साइड साचतं, कार्ड उपसून परत दाबलं की तेवढ्यापुरत्या पिना साफ होतात. म्हणजे तेच जुनं कार्ड परत बसवलं असतं तरी मशीन चाललं असतं! म्हणून आधी तेच कार्ड काढून घालून बघावं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

दुसरा मोठा गुन्हेगार पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशाला २००० तासांचा कपॅसिटर ४५ अंशाला हिशोबाने १४ वर्षं चालेल, पण पॅनलच्या पंख्याचा फिल्टर तुंबला आणि आत ६५ अंश झाले की तोच साडेतीन वर्षांत संपतो. सुकलेल्या कपॅसिटरमुळे सप्लायला रिपल, म्हणजे व्होल्टेजमध्ये बारीक चढउतार, येतो आणि मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो म्हणून २४ च्या २४ व्होल्ट दिसतात. मीटर एसी रेंजवर टाकून बघावं, ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच. २४ व्होल्टचा इनपुट साधारण १५ च्या वर ऑन आणि ५ च्या खाली ऑफ धरला जातो, मधल्या पट्ट्यात काय होईल याची खात्री नाही, आणि अर्धमेला सप्लाय मोठा लोड आला की क्षणभर तिथेच घसरतो.

वायरिंगचं म्हणाल तर मीटरच्या कंटिन्युइटीच्या (तार जोडलेली आहे सांगणाऱ्या) बीपवर विसंबू नये, बरीचशी मीटरं तीस-चाळीस ओहमलासुद्धा बीप करतात. २ अँपिअरच्या सोलेनॉइडच्या (व्हॉल्व्ह खेचणाऱ्या कॉइलच्या) वाटेत २ ओहमचा खराब जोड असेल तर ४ व्होल्ट तिथेच गेले, व्हॉल्व्ह कधी खेचणार कधी नाही. म्हणून लोड चालू असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. प्रेसच्या स्लाइडवरच्या प्रॉक्सची (जवळ आलेला धातू ओळखणाऱ्या सेन्सरची) केबल ड्रॅग चेनमध्ये, म्हणजे केबल सोबत वाकवत नेणाऱ्या साखळीत, आतून तुटते, वरचं इन्सुलेशन शाबूत, आणि स्लाइड ठराविक जागी आली की तेवढ्यापुरतं तारेचं कनेक्शन सुटतं. असा फॉल्ट दर वेळी एकाच पोझिशनला येत असेल तर पीएलसीला हात लावायचं कारणच नाही, केबल बदला.

त्यामुळे पहिलं काम स्क्रूड्रायव्हरचं नाही, वहीचं आहे. वेळ, शिफ्ट, मशीनची पोझिशन, त्याच क्षणी शेजारी काय चालू झालं, हवा कशी होती. शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटरसारखे मोठे लोड चालू-बंद करणारा स्विच) सुटल्यावरच ट्रिप येत असेल तर त्याच्या कॉइलवर विजेचा झटका शोषणारा डायोड किंवा आरसी सप्रेसर आहे का बघा. चालू केल्यावर अर्ध्या तासाने येत असेल तर उष्णता, म्हणजे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) किंवा कपॅसिटर, आणि तिथे संशयित पार्ट तापवायला हेअर ड्रायर आणि गार करायला फ्रीझ स्प्रे खरंच उपयोगी पडतात. पावसाळ्यात पहाटेच येत असेल तर पॅनलमधला दमटपणा.

मग प्रोग्राममध्ये सापळा लावायचा: सायकल चालू असताना इंटरलॉकमधला (मशीन चालायला लागणाऱ्या अटींमधला) जो इनपुट सगळ्यात आधी पडेल त्याचा बिट लॅच करायचा, म्हणजे धरून ठेवायचा, आणि बाकीच्यांना अडवायचं. स्कॅनपेक्षा (प्रोग्रामच्या एका फेरीपेक्षा) छोटी सिग्नलची झुळूक यातून निसटू शकते, तरी बरेच चोर पकडले जातात. एस५ मध्ये सीपीयू स्टॉपला गेला असेल तर आयस्टॅक (थांबण्याचं कारण नोंदवलेली सीपीयूची यादी) वाचल्याशिवाय रिस्टार्ट करू नये: एनएयू म्हणजे सप्लाय गेला, बीएयू बॅटरी, झेडवायके सायकल टाइम ओलांडला, क्यूव्हीझेड म्हणजे एखाद्या कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. घाईत रिसेट मारणारे हा पुरावा स्वतःच पुसतात.

इन्सुलेटेड दांड्याने टर्मिनल हलकेच ठोकून बघणं चालतं, पण ४१५ व्होल्टच्या बाजूला नाही, आणि शोधासाठी केलेले फोर्स (सिग्नल जबरदस्तीने ऑन-ऑफ धरणं), बायपास त्याच शिफ्टमध्ये काढायचे. पीएलसी जोडलेला असताना केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मोठ्या व्होल्टेजचा मीटर) मारू नये, ५०० व्होल्टने कार्डच जाईल. बॅटरी बदलायची तर पॅनल चालू ठेवून; ज्या एस५ मध्ये प्रोग्राम फक्त रॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) आहे तिथे सप्लाय बंद करून बॅटरी काढली की प्रोग्राम गेला.