मनातला ‘च’ ओळखा

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी, आणि यावं की नको या विचारात असलेल्यांसाठी

‘मला जमलं नाही’ आणि ‘मला जमतच नाही’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कालची गोष्ट आहे, दुसऱ्यात आयुष्यभराचा निकाल. मन खचलं की हा ‘च’ न बोलावता येतो. घरचे समजूनच घेत नाहीत, धंदा बुडणारच, लोक हसणारच. तुम्ही बोलत असता तेव्हा आमचं लक्ष सगळ्यात आधी त्याच्याकडे असतं.

1960 च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला अ‍ॅरन बेक हे मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की माणूस एक बोलत असतो आणि आत दुसरीच वाक्यं झरझर चालू असतात. ती इतकी सवयीची होतात, की विचार न वाटता खरीच वाटू लागतात. यातून उभी राहिलेली उपचारपद्धती आम्ही वापरतो.

समजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखानदाराचे 200 पैकी 6 जॉब, म्हणजे बनवून दिलेले सुटे भाग, रिजेक्ट होऊन आले. रात्री 194 आठवत नाहीत, सहा डोळ्यांसमोर नाचतात. मग ‘पार्टीनं फोन उचलला नाही, म्हणजे ऑर्डर गेली.’ या ‘म्हणजे’लाही थांबवून विचारा. फोन उचलला नाही एवढंच घडलंय, पुढचं मनानं जोडलं. पोराला मार्क कमी पडले की ‘मीच कमी पडले’ म्हणणारी आईही असंच जोडत असते.

पण प्रत्येक भीती खोटी म्हणून झटकू नका. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या माणसाला जुलैच्या पावसात झोप लागत नसेल, तर त्याचं मन बिघडलेलं नाही. त्यानं सोसलंय. अशा वेळी ‘पाणी येणारच’ हे वाक्य घोळवत बसण्याऐवजी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी 25 फुटांवर असेल तर जेवून घ्या, सकाळी पुन्हा बघा. 39 कडे चढत असेल तर कागदपत्रं, औषधं बांधा, म्हाताऱ्या माणसांना आधी हलवा. ‘काही होत नाही, चांगला विचार करा’ असं आम्ही कुणाला सांगत नाही. पुराच्या तोंडावर तर नाहीच.

घरी एक साधी वही ठेवा. काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं आणि त्याला पुरावा काय, एवढंच लिहा. वाक्य जसं आलं तसं लिहा, शिवी असली तरी चालेल.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वहीवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधं तेच देतात, आम्ही देत नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर आमच्या वेळेची वाट न बघता घरच्या कुणाला तरी लगेच सांगा आणि 14416 वर फोन लावा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला ती वही आणा. दोनच ओळी लिहिल्या असतील तरी आणा. एकही लिहिता आली नसेल, तर तसेच या.