लेक्सिंग्टन ग्रीन

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन या गावाचे सामायिक मैदान. बॉस्टनच्या वायव्येस सुमारे १८ किमी. अंतरावर असलेला हा हिरवळीचा त्रिकोण ‘बॅटल ग्रीन’ म्हणूनही ओळखला जातो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १९ एप्रिल १७७५ रोजी येथे झाली.

गावकऱ्यांनी १७११ मध्ये वर्गणी काढून ही जमीन घेतली. न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागाच्या) रिवाजानुसार प्रार्थना आणि गावसभा एकाच इमारतीत भरत. ती इमारत मैदानावरच होती. गावच्या पलटणीची कवायतही इथेच चाले.

जवळच्या कॉन्कर्ड गावातील वसाहतींचा शस्त्रसाठा जप्त करण्यासाठी निघालेल्या सुमारे ७०० ब्रिटिश शिपायांची आघाडीची तुकडी पहाटे येथे पोचली, तेव्हा गावच्या पलटणीचे कॅप्टन जॉन पार्कर यांची जेमतेम ७७ माणसे समोर उभी होती. पहिली गोळी कोणी झाडली, हा वाद अद्याप मिटलेला नाही. वसाहतींच्या बाजूचे ८ जण ठार व १० जखमी झाले. जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय गुलामही होता.

मैदानावरील स्मारकांपेक्षा भोवतालची घरे अधिक बोलकी आहेत. पलटणीने ती रात्र जिथे वाट पाहत काढली, ती बकमन टॅव्हर्न ही खानावळ रस्त्यापलीकडे उभी आहे; बंदुकीच्या गोळीने भोक पडलेले तिचे जुने दार आत जपून ठेवले आहे. जवळच्या हॅनकॉक–क्लार्क हाउसमध्ये त्या रात्री स्वातंत्र्यवादी पुढारी सॅम्युअल ॲडम्स व जॉन हॅनकॉक मुक्कामाला होते. पाडण्यापासून वाचवण्यासाठी १८९६ मध्ये हे घर रस्त्यापलीकडे हलवले आणि १९७४ मध्ये परत मूळ जागी आणले. धोक्याची घंटा जिथे वाजली, तो लाकडी घंटाघर मात्र मूळचा नाही. १९०९ च्या वादळात तो मोडला आणि पुढच्या वर्षी त्याची प्रतिकृती उभारली. फर्स्ट पॅरिश चर्चची सध्याची इमारत १८४७ ची आहे.

मैदानावर १७९९ मध्ये स्मारकस्तंभ उभारला गेला. मृतांचे अवशेष १८३५ मध्ये त्याच्याजवळ आणून पुरले. हेन्री हडसन किट्सन यांचा १९०० चा सैनिक-पुतळा सर्रास पार्कर यांचा म्हणून दाखवला जातो. वास्तविक पार्कर यांचे अस्सल चित्र एकही नाही.

एप्रिलमध्ये, या लढ्याच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेट्रियट्स डेच्या पहाटे, चकमकीचा देखावा सादर होतो. मे १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे माजी सैनिक रात्रीच्या मुक्कामासाठी मैदानावर उतरले. गावच्या कारभाऱ्यांनी परवानगी नाकारली होती. पोलिसांनी ४५० हून अधिक लोकांना अटक केली आणि त्यांत लेक्सिंग्टनचे रहिवासीही बरेच होते.