व्हेल शार्क बचाव मोहीम, गुजरात

व्हेल शार्क बचाव मोहीम : जगातील सर्वांत मोठ्या माशाची सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होणारी शिकार थांबावी म्हणून २००४ मध्ये सुरू झालेली लोकजागृतीची मोहीम. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था, गुजरातचे वनखाते आणि मिठापूरला कारखाना असलेली टाटा केमिकल्स कंपनी हे तिचे मुख्य भागीदार. शिकारीवर कायद्याने बंदी आधीच आलेली होती. ती बंदरावर उतरवण्याचे काम या मोहिमेने केले.

व्हेल शार्क (ऱ्हिंकोडॉन टायपस) हा कूर्चामीन, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा, आहे. त्याची लांबी १८ मीटरपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. राखाडी पाठीवर पांढरे ठिपके असतात. एवढा मोठा देह, पण खाणे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि बारीक मासळीचे, तेही तोंडात पाणी घेऊन कल्ल्यांतून गाळून. तो पृष्ठभागाजवळ संथ पोहतो आणि होडी जवळ आली तरी फारसा बिचकत नाही. याच स्वभावामुळे तो सहज मारला गेला.

वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर या पट्ट्यात साधारण मार्च ते मे हा त्याच्या शिकारीचा हंगाम असे. दोरीला बांधलेला मोठा लोखंडी गळ माशाच्या अंगात रुतवायचा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पिंपे बांधून सोडून द्यायची. तरंगत्या पिंपांमुळे माशाला खोल बुडी मारता येत नसे. तो थकला की ओढून किनाऱ्याला आणत. या पिंपांवरून माशालाच ‘बॅरल’ म्हणत. जुन्या काळी हवे असे ते यकृताचे तेल, कारण ते लाकडी होड्यांना पाणी धरू नये म्हणून चोपडत. मांसाला गिऱ्हाईक नव्हते. १९९० च्या दशकात तैवानसारख्या बाजारपेठांतून गोठवलेल्या मांसाला मागणी आली, परांनाही भाव मिळू लागला आणि घरगुती गरजेपुरत्या शिकारीचा धंदा झाला. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००) या माहितीपटाने किनाऱ्यावरची ही कापाकापी पहिल्यांदा दूरवरच्या प्रेक्षकांना दाखवली. मे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश झाला. वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळालेला हा भारतातला पहिला मासा. पुढच्याच वर्षी भारत आणि फिलिपिन्स यांच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आले.

त्याच २००१ मधली दुसरी घटना या संदर्भात बोलकी आहे. जुलैमध्ये केंद्र सरकारने सगळ्याच मुशी (शार्क) आणि पाकट (चपट्या अंगाचे रे मासे) एका फटक्यात पहिल्या अनुसूचीत टाकल्या. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आणावी लागली. ज्यांच्या जाळ्यांचा प्रश्न होता त्यांना कोणी विचारलेच नव्हते. व्हेल शार्क या दहांत टिकला खरा, पण मोहीम सुरू होताना केलेल्या पाहणीत असे दिसले, की तो मारणे गुन्हा आहे हेच अनेक मच्छीमारांना ठाऊक नव्हते.

मोहिमेने सुरुवात शिक्षेच्या धाकाने केली नाही, नात्याने केली. व्हेल शार्क अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो, हे १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या मादीवरून नक्की झाले होते. तिच्या पोटात सुमारे ३०० भ्रूण होते. या माहितीचा धागा धरून माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव देण्यात आले आणि ती बाळंतपणाला माहेरी आलेली लेक ठरली. रामकथाकार मोरारीबापू मोहिमेचे सदिच्छादूत झाले. ते सौराष्ट्रातलेच, भावनगर जिल्ह्यातल्या तलगाजरड्याचे. दारी आलेल्या गरोदर लेकीला कोणी मारते का, असा त्यांच्या सांगण्याचा रोख असे. पथनाट्ये झाली, खऱ्या आकाराचा हवेने फुगवलेला व्हेल शार्क गावोगाव फिरला, पोरबंदरसारख्या शहरांनी त्याला आपले मानचिन्ह केले. सौराष्ट्राचा किनारा हे खरोखर या माशाचे प्रसूतिस्थान आहे, असे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. काटेकोर अभ्यासकाला हे रूपक खटकेल, परंतु खारवा आणि कोळी वस्त्यांत अनुसूचीच्या कलमांपेक्षा तेच लवकर पोचले, हे मान्य करावे लागते.

तरीही भावनेने जाळ्याची किंमत भरून निघत नाही. अजाणता अडकलेला कित्येक टनांचा मासा सोडवायचा तर जाळे कापावे लागते आणि त्या दिवसाची मासळीही जाते. म्हणून वनखात्याने २००६ पासून कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली. माझ्या मते मोहिमेचा खरा कणा हाच. सुरुवातीला एक अडचण होती : खातरजमेसाठी अधिकारी समुद्रात पोचेपर्यंत तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) मासा तसाच जाळ्यात धरून ठेवावा लागे, आणि सुटकेआधीच तो अर्धमेला होई. २०१२ पासून होड्यांवर पाण्यात चालणारे साधे कॅमेरे देण्यात आले. खलाशांनी फोटो काढायचे, लगेच जाळे कापायचे आणि बंदरावर आल्यावर दावा दाखल करायचा. सुटकेचा वेळ त्यामुळे पुष्कळ कमी झाला. मोहिमेच्या काळात मच्छीमारांनी स्वतः सोडून दिलेल्या व्हेल शार्कची संख्या ७०० च्या बरीच पुढे गेली आहे. काही माशांना उपग्रह टॅग लावून त्यांच्या प्रवासाचा अभ्यासही झाला. पुढे हे काम केरळ आणि लक्षद्वीपकडेही नेण्यात आले.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना आणली. समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा चित्रफीत लागते. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ही योजना राबवतात. गुजरातेत काय किंवा इथे काय, पैसे मिळतात ते जाळ्याचे. बुडालेल्या दिवसाचे डिझेल आणि खलाशांची मजुरी मालकाच्याच अंगावर पडते.

मोहिमेची मर्यादाही उघड आहे. व्हालीला मिळालेले नाते तिच्या भाऊबंदांना मिळाले नाही. इतर अनेक जातींच्या मुशी गुजरातच्या बंदरांवर आजही मोठ्या प्रमाणावर उतरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये व्हेल शार्कचा दर्जा ‘असुरक्षित’वरून ‘संकटग्रस्त’ असा खाली आणला. जहाजांची धडक आणि जाळ्यांत अडकणे हे धोके त्याला जगभर आहेत.