बार्शी लाईट आणि शकुंतला एक नाही हो!

कुर्डुवाडीच्या वाफेच्या इंजिनाचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं "ही रेल्वे अजूनही इंग्रजांच्या मालकीची", हे कुणी ना कुणी करतंच, आणि वाचून डोकं फिरतं. ती गोष्ट वऱ्हाडातल्या शकुंतला या छोट्या रेल्वेची सांगतात, कुर्डुवाडीच्या बार्शी लाईट या छोट्या रेल्वेची नाही. आणि शकुंतलेबद्दलही ती धड खरी नाही.

शकुंतला बहुतेकांना माहितीये. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, वऱ्हाडातला कापूस आणायला टाकलेली लाईन, मँचेस्टरला बनलेलं इंजिन 1994 पर्यंत धावलं. झालं.

दिसायला दोन्ही सारख्याच, हे मान्य. दोन्हीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर, दोन्ही जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) मोठ्या लाईनला येऊन मिळायच्या, एक कुर्डुवाडीला, दुसरी मूर्तिजापूरला, आणि तिथे गाठी एका वॅगनमधून दुसरीत चढवायला हमालच लागायचे. इंजिनं वेगळी होती, पण तो शौकीन लोकांचा विषय.

खरी गोची आहे ती रूळ कुणाचे आणि गाडी चालवतंय कोण, या दोन प्रश्नांची. लोक दोन्हीचं एकच उत्तर धरतात. बार्शी लाईटला ते चालतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1895 ला लंडनमध्ये कंपनी नोंदवली, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली, मग पंढरपूर, लातूर आणि 1927 ला मिरज. रूळ कंपनीचे, इंजिनं कंपनीची, कुर्डुवाडीचा कारखाना कंपनीचा, म्हणजे शेंद्रीसारख्या छोट्या स्टेशनातला मास्तरसुद्धा कंपनीचाच माणूस. सरकारने 1 जानेवारी 1954 ला ती विकत घेतली आणि विषय संपला.

शकुंतलेचं तसं नाही. लाईन किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, पण गाडी चालवायची जीआयपी. दारव्हा मोतीबागला तिकीट फाडणारा, सिग्नल पाडणारा, इंजिनात कोळसा टाकणारा, सगळे जीआयपीच्या पगारावर, आणि लाईनच्या मालकाला करारानुसार कमाईतला वाटा. जीआयपी 1925 ला सरकारच्या ताब्यात आली, 1951 ला मध्य रेल्वे झाली, म्हणजे गाडी चालवणारे केव्हाच सरकारी झाले, फक्त रुळांचा करार तसाच राहिला आणि पुढे नूतनीकरण होत गेलं. यालाच लोक "इंग्रजांना रॉयल्टी" म्हणतात. अहो, किलिक निक्सनचं ऑफिस मुंबईत, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडे गेली. लंडनला नोंदलेली कंपनी बार्शीची होती, आणि नेमकी तीच सरकारने विकत घेऊन टाकली!

माझं विचाराल तर बार्शी लाईटचा इतिहास जास्त मोठा आहे. एक्सलवर पाचच टन भार ठेवून हलक्या रुळांवर पण भरपूर माल नेता येतो हे कॅलथ्रॉपने इथे करून दाखवलं, पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने वाहिल्या, आणि आज तिला शकुंतलेच्या नावाने ओळखतात याचं मनापासून वाईट वाटतं.

तेव्हा फोटो टाकण्याआधी स्टेशनची पाटी बघा. कारंजा, दारव्हा, यवतमाळ, अंजनगाव, अचलपूर असेल तर शकुंतला. बार्शी, पंढरपूर, लातूर असेल तर बार्शी लाईट.