प्रोलीनबहुल जिवाणुरोधी पेप्टाइडे

कीटक आणि काही सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयार होणारी, जिवाणूच्या पेशीत शिरून तिथली प्रथिननिर्मिती बंद पाडणारी लहान पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. साखळीत प्रोलीन या अमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असते, त्यावरून हे नाव. मधमाशीचे एपिडेसिन, फळमाशीचे ड्रोसोसिन, ढेकूणवर्गीय कीटकांतली पायरोकोरिसिन व ऑन्कोसिन आणि गाईच्या श्वेतपेशींतले बॅक-७ ही त्यांची चांगली अभ्यासलेली उदाहरणे. पायरोकोरिसिन ज्या कुळातल्या कीटकात सापडले, त्याच कुळातले लाल ढेकूण आपल्याकडे कपाशीच्या बोंडांवर दिसतात.

कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे बनत नाहीत. जखमेतून जंतू आत आला, की मेदपिंडात अशी पेप्टाइडे तयार होऊन रक्तद्रवात उतरतात. एपिडेसिनचा शोध १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या साखळीत अवघी १८ अमिनो आम्ले असतात. त्यांतली ६ प्रोलीन आणि ३ धनभारित अर्जिनीन. त्याच सुमारास इटलीतील त्रिएस्त येथे रेनातो जेनारो व सहकाऱ्यांनी गाईच्या श्वेतपेशींतून बॅक-५ आणि बॅक-७ वेगळी केली. कीटक आणि गाय यांच्या वंशरेषा फार पूर्वीच वेगळ्या झालेल्या. तरी दोघांकडे एकाच तऱ्हेचे अस्त्र स्वतंत्रपणे घडले असावे, ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

जंतूंशी लढणारी बहुतेक पेप्टाइडे जिवाणूच्या पटलाला भोके पाडतात. ही तसे करत नाहीत. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला यांसारख्या ग्रॅम-ऋण, म्हणजे आतले आणि बाहेरचे अशी दोन पटले असलेल्या, जिवाणूंच्या आतल्या पटलात एसबीएमए नावाचे वाहक प्रथिन असते. ते या पेप्टाइडांना आत घेते. म्हणजे जिवाणू स्वतःच त्यांना दार उघडून देतो. ज्यांच्याकडे हा वाहक नाही, त्यांच्यावर सहसा फारसा परिणाम होत नाही.

आत गेल्यावर नेमके काय होते, याचे उत्तर बरीच वर्षे वेगळेच दिले जाई. ही पेप्टाइडे डीएनएके या, इतर प्रथिनांना योग्य घडी पडण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाला चिकटतात, असे २००० साली दिसून आले आणि तेच लक्ष्य मानले गेले. चिकटणे खरे होते, पण मृत्यूचे कारण ते नव्हते : डीएनएके काढून टाकलेले जिवाणूही या पेप्टाइडांनी मरत होते. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी खरे लक्ष्य रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, असल्याचे दाखवले.

रायबोसोममध्ये अमिनो आम्ले जोडली जातात ती जागा आणि बाहेरचे तोंड यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. नवी प्रथिनसाखळी त्यातूनच बाहेर पडते. पेप्टाइड नेमके याच बोगद्यात बसते. ऑन्कोसिन व बॅक-७ यांच्या २०१५-१६ मधील क्ष-किरण संरचनांत असे आढळले, की ती साखळीच्या उलट दिशेने बसतात आणि त्यांचे एक टोक पुढच्या टीआरएनएच्या (अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूच्या) जागेवर येते. त्यामुळे पहिले अमिनो आम्ल तयार असूनही दुसरे जोडले जात नाही. प्रथिन सुरू होताच अडते.

एपिडेसिनची रीत मात्र निराळी आहे, आणि जास्त गुंतागुंतीची. ते प्रथिन पूर्ण होऊ देते. रायबोसोम वाचत असलेल्या जनुकीय संदेशातली थांबण्याची खूण, म्हणजे थांबा, आला, की मुक्ती-घटक नावाचे प्रथिन येऊन तयार साखळी मोकळी करते. साखळी निघून गेलेल्या बोगद्यात एपिडेसिन बसते आणि त्या मुक्ती-घटकाला रायबोसोमवरच जखडून ठेवते. पेशीत रायबोसोम हजारो असतात, मुक्ती-घटक त्या मानाने फार थोडे. थोड्या रायबोसोमांवर ते अडकले, की उरलेले रायबोसोम पूर्ण झालेली साखळी धरून थांब्यापाशी ताटकळतात. काही तर थांबा ओलांडून पुढे वाचत जातात आणि लांबलेली, सदोष प्रथिने बनतात. ही यंत्रणा २०१७ मध्ये उलगडली. ड्रोसोसिनही याच रीतीने काम करते, हे त्यानंतर सिद्ध झाले.

गाईच्या स्वतःच्या रायबोसोमना धोका का होत नाही? प्रयोगनळीत बॅक-७ सस्तन प्राण्यांचे रायबोसोमही अडवते. म्हणून श्वेतपेशी ते निष्क्रिय पूर्वरूपात कणिकांत, म्हणजे पेशीतल्या बारीक पिशव्यांत, साठवते. दुसऱ्या कणिकांतले इलॅस्टेज विकर त्याला भेटते तेव्हाच ते कापले जाऊन सक्रिय होते.

औषध म्हणून या पेप्टाइडांपुढे दोन अडचणी आहेत. रक्तातली विकरे त्यांचे तुकडे करतात. त्यावर उपाय म्हणून लाइपझिग येथील राल्फ हॉफमन यांच्या गटाने टोकांत बदल करून एपी-८८, एपी-१३७ अशी टिकाऊ रूपे घडवली आणि ती संसर्ग झालेल्या उंदरांवर तपासली गेली. दुसरी अडचण अधिक अवघड : एसबीएमए गमावूनही जिवाणू जगू शकतो, त्यामुळे त्या एका जनुकातल्या बिघाडानेही त्याची या पेप्टाइडांबद्दलची संवेदनशीलता घटते. मधमाशीच्या रक्तद्रवात मात्र एपिडेसिन एकटे नसते. त्याच्यासोबत अ‍ॅबेसिन, हायमेनोप्टेसिन आणि डिफेन्सिन ही पेप्टाइडेही असतात.