तबकडीची खरखर

तबकडीची खरखर : विनाइलची किंवा लाखेची ध्वनिमुद्रिका वाजवताना गाण्यात मिसळणारे चटचट, टकटक, सळसळ असे आगंतुक आवाज. बोलताना या सगळ्यांना सरसकट ‘स्टॅटिक’ म्हणतात. गोव्याच्या दमट हवेत मात्र त्यात स्थिर विजेचा वाटा थोडा असतो; ओल, बुरशी आणि धुळीचा फार मोठा. उपाय करण्याआधी आवाज कान देऊन ऐकणे म्हणूनच महत्त्वाचे.

ओरखड्याचा आवाज ठेक्यात येतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एलपीवर तो दर १.८ सेकंदांनी पडतो, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर सेकंदाला एकाहून थोडा अधिक वेळा. धुळीच्या कणाची टकटक ठेका धरत नाही, पण प्रत्येक वेळी गाण्याच्या त्याच जागी येते. स्थिर विजेची चटचट दर खेपेला जागा बदलते. फ्रिज बंद-चालू होताना एकदाच ‘टप’ वाजले तर दोष तबकडीचा नाही, घरातल्या विजेचा आहे. सलग ‘घूं’ येत असेल, तर अर्थिंगची तार तपासावी.

विनाइल तबकडी मुख्यतः व्हिनाइल क्लोराइड आणि व्हिनाइल ॲसिटेट यांच्या बहुवारिकाची (पॉलिमरची) असते. हा पदार्थ विजेचा दुर्वाहक असल्याने पाकिटातून झटकन ओढली किंवा कोरड्या फडक्याने पुसली की तबकडीवर ऋण प्रभार साचतो आणि धूळ खेचली जाते. पावसाळ्यात पृष्ठभागावर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो, त्यातून हा प्रभार आपोआप वाहून जातो. गोव्यात त्याचा त्रास होतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी, नाहीतर एसीच्या खोलीत. तबकडी उचलताना तिच्याखालची फेल्टची चटई तिच्याबरोबर वर आली, हातावरचे केस उभे राहिले, तर निदान पक्के. एसी बंद करून खिडकी उघडली तरी बराच फरक पडतो. कार्बन तंतूंचा ब्रश किंवा गॅसच्या लायटरसारख्या स्फटिकावर चालणारे, आयन सोडणारे पिस्तूल हे पुढचे उपाय.

खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकवलेले कपाट आतून ओले होते. अशा कपाटातली तबकडी टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरली, की खाचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे राखाडी फाटे दिसतात. वाजवली की चुलीवर काहीतरी शिजत असल्यासारखी अखंड रटरट ऐकू येते. ही बुरशी पोसते बोटांचे तेल, कागदी पाकीट आणि खळ यांच्यावर. कोरड्या ब्रशने ती झाडू नये, कण खाचांत आणि खोलीभर पसरतात. डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घालून, खाचांच्या दिशेने, घराबाहेर धुवावी; मधल्या लेबलाला पाणी लागू देऊ नये. मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने खळखळून सावलीत वाळवावी. जुने कागदी पाकीट टाकून द्यावे. धुतलेली तबकडी त्यातच परत घातली तर सगळी मेहनत फुकट.

डिचोली, सांगे भागांतल्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ वेगळी काळजी मागते. लोहखनिजाचा तो कण विनाइलपेक्षा कितीतरी कठीण. सुई त्याच्यावरून गेली की तो खाचेच्या भिंतीत घुसतो, आणि तो ओरखडा कोणत्याही धुण्याने जात नाही. म्हणून तिथे वाजवण्याआधी प्रत्येक वेळी ब्रश फिरवावा, सुईही मागून पुढे हळुवार झाडावी.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते आणि गाणे कायमचे पुसले जाते. एलपीची सुईही तिला चालत नाही. ७८ची खाच सुमारे तिप्पट रुंद, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासत केवळ कचकच उचलते. शिवाय लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असल्याने मूळचीच एक सळसळ असते, ती स्वच्छतेने जाणारी नाही.

फोंडा तालुक्यातील केरीच्या गायिका केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, तो सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. धातू सुवाहक असल्याने तिच्यावर असा प्रभार साचून राहत नाही. घरोघरी उरल्या त्या लाखेच्या तबकड्या. त्यांचे संगणकीय रूपांतर करताना सळसळ पुरती काढण्याचा मोह आवरावा, कारण त्याच वरच्या कंपनांत तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणता नाद) असते आणि गाळणीतून तीही निघून जाते. आधी काहीही न गाळलेली प्रत जपून ठेवावी, टकटक तेवढी दुसऱ्या प्रतीत काढावी.