सावली काढली, मग बटण ओळखायचे कसे?

विंडोज ९५ मधले साधे करडे बटण घ्या. वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला गडद. उजेड वरून येतो असे डोळा धरूनच चालतो, त्यामुळे तो चौकोन उठून दिसतो. दाबताच रेघांची अदलाबदल होते आणि तो आत गेल्यासारखा वाटतो. हे दाबता येते आणि आत्ता दाबले गेले आहे, हे दोन्ही चार रेघांत कळायचे.

या उठावावर पुढे बरीच सजावट चढली. २००० साली ॲपलने दाखवलेल्या ॲक्वा इंटरफेसमध्ये बटणे जेलीसारखी चकाकू लागली आणि आयकॉन १२८ × १२८ पिक्सेलचे झाले. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बोटाने स्क्रीन वापरण्याची सवय फार थोड्यांना होती, त्यामुळे ओळखीच्या वस्तूंची नक्कल उपयोगी पडली. पण २०११ च्या मॅक कॅलेंडरवरचे चामडे, त्यावर फाडलेल्या पानांचे राहिलेले तुकडे, गेम सेंटरमधले हिरवे कापड यांतून वापरणाऱ्याला काहीच कळत नव्हते. स्क्यूओमॉर्फिझम, म्हणजे पडद्यावर खऱ्या वस्तूंची नक्कल, या एकाच नावाखाली कामाची सावली आणि बिनकामाचे चामडे एकत्र मोजले गेले. पुढचा गोंधळ तिथून सुरू झाला.

मग सगळे सपाट होत गेले. रुची बदलली हे खरे, पण खर्चही होता. असे बटण फोटोशॉपमध्ये चित्र म्हणून बनायचे: साधे, दाबलेले, निष्क्रिय. २०१० च्या आयफोन ४ ने स्क्रीनची घनता १६३ वरून ३२६ पीपीआयवर (इंचामागे पिक्सेल) नेली आणि प्रत्येक चित्र दोन आकारांत लागू लागले, म्हणजे एका बटणाला सहा फाइली. अँड्रॉइडवर चार घनता सांभाळायच्या तर बारा. चित्राचे नऊ तुकडे करून कोपरे तसेच ठेवायचे आणि मधला भाग ताणायचा ही युक्ती सपाट रंगाला चालते. चामड्याची किंवा लाकडाची वीण मात्र ताणली की लगेच खोटी दिसते. सपाट रंग आणि अक्षरे कोडमधूनच काढता येतात, कुठल्याही मापाला.

मायक्रोसॉफ्टने २०१० च्या विंडोज फोन ७ मध्ये हा मार्ग आधी धरला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर डेस्कटॉपवरचे स्टार्ट बटणच काढले, वर्षभराने ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. ॲपलमध्ये ऑक्टोबर २०१२ ला आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोरस्टॉल यांच्या जाण्याची घोषणा झाली, इंटरफेसची जबाबदारी उपकरणांचे डिझाइन करणाऱ्या जॉनी आइव्ह यांच्याकडे गेली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनची नवी प्रणाली आयओएस ७ आली. त्यात चामड्याबरोबर सावलीही गेली. बटणाच्या जागी नुसते रंगीत अक्षर उरले. कुलूप उघडण्याच्या पट्टीची खाचही पुसली, फक्त चमकणारी ओळ राहिली. मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांना आकार दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये द्यावी लागली, हीच चुकीची कबुली म्हणायला हरकत नाही.

गूगलने जून २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइन-नियमावली आणली तेव्हा सावली परतली, पण मोजून. तरंगते गोल बटण ५६ डीपी रुंद (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेवर न ठरणारे माप), पृष्ठापासून त्याची कल्पित उंची ६ डीपी; जितकी उंची जास्त तितकी सावली पसरट. बिनचौकटीची बटणे मात्र ओळखायची ती रंगावरून आणि मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांवरून. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. त्यामुळे मराठी अनुवादात ‘रद्द करा’ हे बटण शेजारच्या वाक्यातून वेगळे काढायला निव्वळ रंग उरला, आणि रंगांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांना तोही नाही.

२०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ ने, म्हणजे वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक नियमांनी, नियंत्रणे ओळखायला लागणाऱ्या कडा-खुणांसाठी किमान ३:१ कॉन्ट्रास्टची अट घातली. २०१९-२० मध्ये गाजलेले न्यूमॉर्फिझम त्यातच अडकले: पार्श्वभूमीच्याच रंगाचे बटण आणि दोन मऊ सावल्या, स्वस्त स्क्रीनवर किंवा उन्हात काहीच दिसत नाही. २०२५ मध्ये ॲपलने लिक्विड ग्लास ही नवी शैली आणली आणि काच, अपवर्तन, चकाकी परत आली. मागचा मजकूर काचेतून डोकावून वरची अक्षरे वाचेनात, म्हणून २६.१ आवृत्तीत काच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय जोडला गेला.